एक दिवसाचा खंड

लसीच्या डब्यातून मी बांगडे आणले. वाक्य एवढंसं आहे, पण आमच्या नातेवाइकांत ते इतकं फिरलंय की हल्ली लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढणारासुद्धा मला विचारतो, "काका, ताटात वाढू की निळा डबा आणलाय?" मी हसतो. दुसरं काय करणार? एकोणतीस वर्षं हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत काढलेला माणूस मी. कुठल्या भांड्यात काय ओतायचं नाही हे पोरांना ओरडून सांगणं, हीच माझी नोकरी. पदाचं नाव प्रयोगशाळा सहायक. पण आमच्या गावात ज्याच्या खिशाला पेन तो मास्तर, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात, आणि मीही ते कधी खोडून काढलेलं नाही.

त्याचं झालं असं. त्या दिवशी आमची ही घरी होती. एरवी ती सकाळी साडेआठला गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून जायची. आदल्या संध्याकाळी सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावरच्या, वाडीत लसीकरण आटपून यायला तिला उशीर झाला. उरलेली लस मोठ्या दवाखान्याच्या गाडीतून पुढे गेली, उपकेंद्राला तोवर कुलूप लागलं होतं, म्हणून रिकामा डबा तिच्याबरोबर घरी आला. आशाताई, म्हणजे वाडीवाडीवर फिरणारी आमची आरोग्य स्वयंसेविका, तो सकाळी येऊन नेणार होती. डबा निळा, जाड भिंतींचा, खांद्याला अडकवायला पट्टा, आत बर्फाच्या चार चपट्या बाटल्या. आता सांगा, खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला असा डबा पडवीत दिसला तर त्याच्या मनात काय येईल? बायको बऱ्याच महिन्यांनी दुपारची घरी आहे, तिला ताजे मासे खाऊ घालावेत, एवढाच माझा विचार. पिशवीतून पाणी गळतं, पँट खराब होते. डबा उचलला आणि जेटीवर गेलो.

जेटीवरची मासेवाली म्हणाली, "मास्तर, डबा झकास हाय वो! कुठनं आणलात?"

"घरचाच आहे," मी म्हणालो. आणि वर दोन मूठ बर्फ जास्त मागून घेतला.

घरी आलो तेव्हा ही स्टुलावर उभी राहून जळमटं काढत होती. सकाळपासूनची तिसरी खेप. मी डबा तिच्यासमोर ठेवून मोठ्या ऐटीत झाकण उघडलं. ती स्टुलावरून खाली उतरली नाही. वरूनच बघत राहिली.

"हा डबा कुणाचा?"

"तुझा."

"माझा? आज माझं काही नाही. आज मी कोणीच नाही. तो सरकारचा आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बांगडे मात्र डोळे उघडे ठेवून शांत पडले होते. त्यांना सगळं आधीच कळलेलं असावं.

"आज मी कोणीच नाही" म्हणजे काय, ते सांगायला हवं. साथीच्या दुसऱ्या वर्षी सरकारनं आरोग्यासाठी विशेष पॅकेज जाहीर केलं. मोठ्या शहरांत त्यातून काय काय झालं ते मला माहीत नाही. आमच्याकडे उपकेंद्राला नवी फरशी आली, नवा फ्रीज आला, हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र आलं, आणि एक नर्स आली. ती नर्स म्हणजे आमची ही. नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची. अकरा महिने भरले की एक दिवसाचा खंड. त्या दिवशी तुम्ही नोकरीत नाही. दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर, पुन्हा अकरा महिने. असा खंड का पाडतात, तर पुढेमागे माणसानं "मी इथलाच, मला कायम करा" असं म्हणू नये म्हणून. बांगड्यांचा दिवस हा तिचा पहिला खंड.

डबा आम्ही सोड्यानं धुतला, लिंबू चोळलं, चिंच चोळली, पुन्हा सोडा, मग उन्हात ठेवला. आशाताई आली, तिनं झाकण उघडून नाक आत घातलं, आणि खाली बसून पोट धरून हसायला लागली. "वहिनी, आता पोरं रडायची नायत गो. वासावरच येतील!" मी म्हटलं, कोणाला सांगायला नको, आणखी दोनदा धुऊ. हिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी सोड्याची पुडी परत फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर हातात पडताच तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून सगळं सांगितलं. डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाचा. तो लिहिता लिहिता थांबला. "सिस्टर, डबा बाद करू. दुसरा मागवतो." मग पुन्हा लिहायला लागला आणि मान वर न करता म्हणाला, "बांगडे बरे होते का पण?"

हे तिनं मला संध्याकाळी सांगितलं, आणि सांगताना ती हसली. तिचं ते हसणं मला आजही आठवतं, कारण या सगळ्या गोष्टीत मला खरी आठवण येते ती संध्याकाळींची.

पण आधी ती नर्स कशी झाली ते. लग्नाआधी तिनं रत्नागिरीत नर्सिंगचा कोर्स केला होता आणि एका खासगी दवाखान्यात दोन वर्षं कामही केलं होतं. लग्न झालं आणि वर्षाच्या आत माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला. सात वर्षं ते पडून होते. पडून पडून त्यांच्या पाठीला एकदाही जखम झाली नाही, याचं डॉक्टर लोकांना आश्चर्य वाटायचं, मला वाटायचं नाही. मला वाटायचं सुना करतातच. मग मुलगी लहान, मग मुलीची शाळा, मग मुलगी पुण्याला. नर्सिंगचं सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाशी डांबरगोळ्यांत, त्यावर दोन वेण्यांचा फोटो.

ती जाहिरात मीच वाचली. चहा पिता पिता मोठ्यानं वाचायची मला खोड. "विशेष निधीअंतर्गत परिचारिका पाहिजेत, वयाची अट शिथिल." वाचून मी हसलो आणि म्हणालो, "घे, तुझ्यासाठीच आहे. पण या वयात आता कोण टोचत बसणार?" तिनं कात्री आणली, माझ्या हातातल्या पेपरमधून जाहिरात चौकोनी कापून घेतली. मागच्या बाजूला माझं शब्दकोडं होतं. ते अर्धं गेलं. त्यानंतर तीन दिवस मला घरात फक्त वरणभात मिळाला. तक्रार करायची माझी हिंमत झाली नाही.

आणि ती जायला लागली.

साडीवर पांढरा कोट, खांद्याला पर्स, हातात डबा. उपकेंद्र जवळ होतं, पण वाड्या लांब. एक खाडीलगत, एक मोहल्ला, बौद्धवाडी चढावर, आणि एक पार सड्यावर, जिथे एसटी दिवसातून दोनदा येते आणि एकदा येते म्हणून सांगते. तेव्हा तिनं स्कूटर शिकायची ठरवली. वय शेहेचाळीस. सड्यावरच्या उघड्या कातळावर मी मागून धरून धावायचो. धरणं आणि धावणं या दोन्ही गोष्टी मला एकत्र येत नाहीत, हे तिथे सिद्ध झालं. मी करवंदीच्या जाळीत, आणि ती स्कूटरवर सरळ पुढे, मागे न बघता. अर्ध्या सड्यावर गेल्यावर तिला कळलं की मागे कोणी नाही. मग वळून आली आणि काटे काढत म्हणाली, "सोडलंत तेव्हा सांगायचं तरी!" मी म्हटलं, सोडलं नाही, सुटलं.

आता संध्याकाळ. आमच्या घराण्यात गोष्ट सांगणारा मी. वडिलांकडून आलेला तो एकच जमीनजुमला. दिवाळीत भावंडं जमली की मधे मला बसवतात. एवढी वर्षं घरात मी बोलायचो आणि ही भाजी चिरता चिरता "हं" म्हणायची. ती कामाला लागली आणि हे उलटलं. सहाच्या सुमाराला अंगणाच्या दगडी गडग्यापाशी स्कूटरचा आवाज यायचा. मी शाळेतून आलेलो असायचो. चहा मी टाकायचा असा आपोआप नियम झाला होता. ती पायरीवर बसायची, चपला काढून पाय लांब करायची आणि सुरू व्हायची. आज बौद्धवाडीतली पोर बाळंतपणाला माहेरी आली, वजन कसं वाढत नाही, तिच्या आईला चार शब्द सुनावले. आज जेटीवरचा तो आडदांड माणूस सुई बघून बेशुद्ध पडला, पडताना आशाताईला घेऊन पडला. मी ऐकायचो. मध्ये बोलायचो नाही. म्हणजे पहिल्या आठवड्यात बोलायचो, मग एकदा ती म्हणाली, "माझी गोष्ट मला संपवू द्या की," तेव्हापासून नाही.

ऐकण्यात एवढं सुख असतं हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. हिच्याकडे इतक्या गोष्टी आहेत, हे त्याहून उशिरा.

त्या गोष्टींत सगळ्यांत जास्त यायची ती मोहल्ल्यातली खाला, म्हणजे मावशी. मोहल्ल्यातली सगळ्यांत म्हातारी बाई. तीन मुलं आखातात, घरात एक सून. खालानं लस घ्यायला साफ नकार दिला होता. "माझा मोठा पोरगा येऊ दे, तो सांगेल तर घेईन." पोरगा तर दोन वर्षं येणार नव्हता. ही दर मंगळवारी जायची, तिच्या बाजेजवळ बसायची, डबा पायाशी ठेवायची, आणि लसीचं नावही काढायची नाही. सुनेबद्दल ऐकायची, कोकमाच्या भावाबद्दल ऐकायची, उठायची. असे तीन मंगळवार. चौथ्या मंगळवारी म्हातारी वैतागली. "काय गो बाय, टोचतेस की नुसतीच बसतेस? माझा दिवस फुकट जातो तुझ्यापायी!" आणि दंड पुढे केला.

पुढे खालाचं बीपी निघालं, भयंकर निघालं. आजवर कुणी मोजलंच नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. दर मंगळवारी ही मशीन घेऊन जायची. खालाला मशीनचा पट्टा आवडायचा. फुगला की म्हणायची, "आता कसं कोणीतरी हात धरल्यासारखं वाटतं."

दुसऱ्या खंडाच्या दिवशी ही सकाळीच मला म्हणाली, "आज डब्याला हात लावायचा नाही." मी म्हटलं, डबा कुठाय? "नसला तरी." त्या दुपारी चौघांनी एका खलाशाला उचलून आमच्या पडवीत आणून ठेवलं. पायाला पाकट माशाच्या शेपटीचा विषारी काटा लागला होता, बापडा गुरासारखा ओरडत होता. ही दारात आली आणि म्हणाली, "आज मी नर्स नाही हो. आज माझा खंड आहे." ते चौघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यातला एक म्हणाला, "वहिनी, मग आज तुम्ही कोण?" हिनं पदर खोचला. "शेजारीण," म्हणाली, आणि मला ओरडली, "उभे काय राहिलात? चुलीवरचं पाणी आणा, सोसेल एवढं गरम!" घमेल्यात पाय बुडवला, तासाभरानं ओरडणं थांबलं, मग रिक्षा करून त्याला रत्नागिरीला धाडला. संध्याकाळी मला म्हणाली, "चुकलं का हो माझं?" मी म्हटलं, शेजारणीला कोण विचारतंय?

तिसरा खंड आला. आम्हाला त्याची सवय झालेली. आदल्या दिवशी आशाताई जाताना म्हणाली होती, "वहिनी, परवा भेटू." पण परवा ऑर्डर आली नाही. तेरवाही नाही.

ती रोज सहाला उठायची. जेवणाचा डबा भरायची. साडेआठ वाजले की पडवीत येऊन रस्त्याकडे बघायची, मग आत जायची. दुपारी एक वाजता तो डबा उघडून घरातच जेवायची. ताटात काढून नाही, डब्यातूनच. मी शाळेतून एकदा मधल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा पाहिलं. मला बघून म्हणाली, "सवय मोडायला नको. उद्या येईल ऑर्डर." आठव्या दिवशी फोन आला, की उपकेंद्रातल्या कपाटाची किल्ली, बीपीचं मशीन आणि वह्या जमा करा. कोट स्वतःचा होता, तो राहिला. मी सोबत गेलो. तिनं मशीन टेबलावर ठेवलं, पट्टा नीट गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला.

साथ संपली, तसं पॅकेजही संपलं. फरशी आहे, अजून चकचकीत आहे. फ्रीज आहे. ऑक्सिजनचं यंत्र प्लास्टिक पांघरून कोपऱ्यात बसलंय. भिंतीवर विशेष निधीची पाटी आहे. कायमच्या सिस्टर आहेत, पण त्यांच्याकडे आणखी दोन गावं दिलीत, त्या येतील तेव्हा येतात. त्यांची चूक नाही. बाईला काय चार पाय आहेत?

मला वाटलं, आपण काहीतरी करायला पाहिजे. आणि काहीतरी करायचं म्हणजे मला एकच येतं. मी अर्ज लिहिला. चार पानी. सुरुवात माझ्या वडिलांच्या अर्धांगवायूपासून. मग सगळ्या वाड्यांवर सह्या घेत फिरलो. जेटीवर दिल्या, बौद्धवाडीत दिल्या, तिथल्या एका बाईनं तर सहीखाली लिहिलं, "आमच्या सिस्टर आम्हाला परत द्या," आणि वर मला म्हणाली, "मास्तर, तुमच्या चार पानांपेक्षा हे बरं की नाय?" मोहल्ल्यात खालानं अंगठा दिला. अंगठ्याची शाई पदराला पुसत विचारलं, "ह्यानं येईल ना रे ती?" मी म्हटलं, "येईल, येईल." आमच्यासारख्या माणसांना "येईल" म्हणायला काय लागतं?

रत्नागिरीला आरोग्य खात्याच्या कचेरीत टेबलामागे एक तरुण मुलगा बसला होता. सभ्य. त्यानं मला खुर्ची दिली, आणि चारही पानं वाचली. खरोखर वाचली, वडिलांच्या अर्धांगवायूसकट. वाचून झाल्यावर म्हणाला, "काका, छान लिहिलंय. पण विषय कुठाय?"

"काय?"

"वरती ‘विषय’ लिहायचा असतो. कशाबद्दल अर्ज आहे ते कळत नाही."

मी शाळेत एकोणतीस वर्षं शिपायाच्या रजेचे अर्ज तपासून दिलेत. विषय लिहायला विसरलो. त्याच्याच पेननं, त्याच्याच समोर वर लिहिलं, "विषय: सौभाग्यवतीची ऑर्डर." त्यानं ते वाचलं, हसला नाही, आणि म्हणून मला तो आवडला.

"काका, खरं सांगू? हे पैसे साथीपुरते होते. मुदत संपली. आता त्या नावावर पद नाही. पद नाही तर ऑर्डर कशावर काढणार?"

"अरे, साथ संपली, पण बीपी संपलं का?"

"ते तुम्ही वर सांगा."

"वर म्हणजे कुठे?"

त्यानं मान वर केली. वर पंखा होता. मग तोही थोडा ओशाळला आणि हळूच म्हणाला, "मीपण त्याच पॅकेजातला आहे, काका. माझी या महिनाअखेर संपते." मी त्याला म्हटलं, तुझ्यासाठी पण लिहू का अर्ज? तो म्हणाला, "लिहा. पण विषय आधी लिहा." अर्ज त्यानं शिक्का मारून ठेवून घेतला. मला पोच दिली.

एसटीत बसून मी घरी काय सांगायचं ते जुळवत होतो. पंख्याचं सांगावं, विषयाचं सांगावं, ती हसेल, आणि हसता हसता कळेल. गोष्ट म्हणजे शेवटी कडू गोळीवरचं साखरेचं पातळ आवरण, असं मी समजत आलोय. घरी आलो, पायरीवर बसलो, सांगितली. चांगली रंगवून सांगितली. ती ऐकत होती, "हं" म्हणत होती. भाजी चिरत होती. संपली तेव्हा म्हणाली, "हात धुऊन घ्या. जेवायला वाढते."

म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं. मी बोलायचं, तिनं "हं" म्हणायचं. इतकी वर्षं मला ते घर वाटायचं. आता ते मला सहन होईना. सहा वाजले की माझे कान गडग्यापाशी जायचे. शेजाऱ्याची दुधाची गाडी त्याच आवाजाची आहे. तो रोज सहाला येतो, आणि रोज मी गॅसकडे हात नेतो. दिवाळीला भावंडं जमली तेव्हा मी सड्यावरच्या आडदांड माणसाची गोष्ट सांगायला घेतली. मध्येच तिला म्हटलं, "पडताना कोणाला घेऊन पडला गं तो?" वास्तविक मला माहीत होतं. तिनं सांगावं असं वाटत होतं. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा, तुम्हाला छान येते." आणि तो जेटीवरचा होता, सड्यावरचा नव्हता, हेसुद्धा तिनं दुरुस्त केलं नाही.

असं जवळजवळ वर्ष गेलं. मग गेल्या महिन्यात मोहल्ल्यातून खालाची सून आली. पडवीतच उभी राहिली. "वहिनी, खाला जेवत नाय. डॉक्टर बघून गेला. काय नाय म्हणतो, वय झालं. ती तुमचं नाव घेते. मंगळवार कधी, मंगळवार कधी, असं विचारते."

ही आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी सुनेला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मला वाटलं, ही आता नाही म्हणणार. मशीन नाही, डबा नाही, वही नाही, कोणत्या नात्यानं जाणार? ती बाहेर आली तेव्हा साडी बदललेली होती. कोट नव्हता. स्कूटरची किल्ली हातात.

"मी येऊ का मागे बसून?" मी विचारलं.

"तुम्ही आलात तर खालाला बोलायला मिळायचं नाही."

सुनेलाही हसू आलं. तिला मागे बसवून ही गेली. वर्षभर पडून असलेली स्कूटर, दोनदा खोकली आणि चालू झाली.

मी घरात फिरत राहिलो. पाच वाजता चहाचं पाणी मोजून ठेवलं. साडेपाचला ते ओतून दिलं आणि पुन्हा मोजलं. सहाला दुधाची गाडी येऊन गेली. सव्वासहाला गडग्यापाशी दुसरा आवाज आला, आणि मी गॅस पेटवला. काडी दोनदा विझली.

ती पायरीवर बसली. चपला काढल्या. पाय लांब केले. मी कप तिच्या हातात दिला आणि एक पायरी खाली बसलो. काही विचारलं नाही. मध्ये बोलायचं नाही, हे मी शिकलोय. तिनं अर्धा चहा संपवला.

"मशीन नव्हतं," ती म्हणाली. "मग नुसतंच मनगट धरून बसले. डोळ्यांना आता काही दिसत नाही त्यांना. त्यांना वाटलं, मोजतेय. म्हणाल्या, ‘ऑर्डर आली काय गो बाय?’ मी म्हटलं, आली. आता मंगळवारी जायला लागणार."